शिगेओ शिंगो

शिगेओ शिंगो (८ जानेवारी, इ.स. १९०९ - १४ नोव्हेंबर, इ.स. १९९०) हे जपानी औद्योगिक अभियंता, सल्लागार व लेखक होते. कारखान्यातील जोडणी, मोजणी व पॅकिंगच्या कामांत नजरचुकीने होणाऱ्या चुका रोखणाऱ्या 'पोका-योके' या पद्धतीचे प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

शिंगो यांचा जन्म जपानमधील सागा येथे झाला. यामानाशी येथील तांत्रिक महाविद्यालयातून इ.स. १९३० मध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून ते तैवानमधील तैपेई येथील रेल्वे कारखान्यात रुजू झाले. त्या काळी तैवान जपानच्या अंमलाखाली होते. तेथे असताना फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी जपान व्यवस्थापन संघटनेत सल्लागार म्हणून काम केले. इ.स. १९५५ पासून ते टोयोटा कंपनीत औद्योगिक अभियांत्रिकीचे प्रशिक्षण देऊ लागले. इ.स. १९५९ मध्ये संघटना सोडून त्यांनी स्वतःची सल्लागार संस्था काढली.

पोका-योके

इ.स. १९६१ मध्ये शिंगो यांनी यामादा इलेक्ट्रिक या कंपनीच्या कारखान्याला भेट दिली. तेथे दोन बटणांचा एक लहान स्विच तयार होत असे. प्रत्येक बटणाखाली एक, अशा दोन स्प्रिंगा बसवाव्या लागत. कामगार शेकडो स्प्रिंगांच्या खोक्यातून एकेक स्प्रिंग उचलीत. कधीकधी एखादी बसवायची राहून जाई आणि सदोष स्विच ग्राहकापर्यंत पोहोचे. अशा वेळी कामगारांना अधिक लक्ष देण्याची ताकीद मिळे. काही दिवस सुधारणा होई आणि चूक पुन्हा डोके वर काढी.

शिंगो यांनी कामाचा क्रम बदलला. कामगाराने प्रथम दोन स्प्रिंगा मोजून एका छोट्या बशीत ठेवायच्या व मगच जोडणी सुरू करायची. काम संपल्यावर बशीत स्प्रिंग उरली, तर विसर पडल्याचे तत्काळ लक्षात येई आणि चूक जागच्या जागी दुरुस्त होई.

अशा योजनांना आरंभी 'बाका-योके' म्हणत. या शब्दात मूर्खपणाचा उल्लेख आहे. इ.स. १९६३ मध्ये एका कारखान्यातील कामगार स्त्रीला या नावाने अपमान वाटून रडू कोसळले. तेव्हा शिंगो यांनी 'पोका-योके', म्हणजे अनवधानाने होणारी चूक टाळणे, हे नाव स्वीकारले. मनुष्य विसरणारच, म्हणून दोष कामगाराचा न मानता कामाच्या रचनेचा मानावा, हा विचार या नावामागे आहे.

पद्धतीचे प्रकार

शिंगो यांनी चूक ओळखण्याच्या तीन पद्धती सांगितल्या: वस्तूचा आकार किंवा स्पर्श यांवरून, ठराविक संख्येवरून आणि कृतींच्या क्रमावरून. पॅकिंगमधील मोजणीच्या चुकांसाठी यांपैकी दुसरी पद्धत विशेष उपयोगी पडते. खोक्यात जितके नग जायचे असतील नेमके तितकेच खण असलेला ट्रे वापरल्यास रिकामा खण लगेच दिसतो. सुटे भाग संचागणिक आधीच मोजून दिल्यास उरलेला भाग चूक दाखवून देतो. भरलेले खोके वजनकाट्यावर तपासण्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र एका नगाचे वजन फार कमी असेल आणि खोक्यांच्या वजनातच त्याहून अधिक फरक पडत असेल, तर काट्याला चूक कळत नाही. चूक आढळताच काम थांबवणारी आणि केवळ दिवा वा घंटेने इशारा देणारी, असे योजनांचे दोन वर्गही त्यांनी केले. पहिला वर्ग अधिक परिणामकारक असतो, कारण इशाऱ्याकडे दुर्लक्ष होऊ शकते.

शिंगो यांनी इ.स. १९५१ पासून संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचा अभ्यास केला होता. परंतु नमुना तपासणीत दोष घडून गेल्यावरच सापडतो, हे त्यांना अपुरे वाटू लागले. चूक हे कारण व दोष हा परिणाम, असा भेद करून त्यांनी उगमापाशी तपासणीचा आग्रह धरला.

इतर कार्य व सन्मान

यंत्रांवरील साचे अल्पावधीत बदलण्याची पद्धतही शिंगो यांनी विकसित केली. इ.स. १९६९ मध्ये टोयोटात एक हजार टनी प्रेसचा साचा बदलण्याचा चार तासांचा वेळ तीन मिनिटांवर आला. टोयोटाच्या उत्पादन प्रणालीचे जनकत्व कधीकधी त्यांना दिले जाते. तथापि ती उभारण्यात ताइइची ओनो यांचा वाटा प्रमुख होता. इ.स. १९८८ मध्ये अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाने शिंगो यांना मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी त्यांच्या नावाने शिंगो पुरस्कार सुरू झाला.