डॉ. पांडुरंग खानखोजे : परदेशातील विद्यार्थी, शेतकऱ्यांचे शिक्षक

इ. स. १९१३ या वर्षाला आपल्या समाजाच्या स्मरणात अढळ स्थान आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे आपल्या शाळेतील लहानातले लहान मूलही सांगेल. त्याच वर्षी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागराकडील वॉशिंग्टन राज्यात, आपल्याच विदर्भातील एक विद्यार्थी कृषिशास्त्राची उच्च पदवी संपादन करीत होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचे नाव. दोघांच्या वाटेतील अडथळे सारखे नव्हते, हे येथेच नमूद केले पाहिजे. बाबासाहेबांना बालपणी शाळेच्या वर्गातच वेगळे बसावे लागले होते. खानखोजे यांच्या वाट्याला ते दिव्य आले नाही. समुद्र ओलांडल्यावर मात्र तेही कातडीच्या रंगावरून हिणवल्या जाणाऱ्या परक्यांपैकीच एक ठरले.

खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्ध्यास झाला. प्रारंभीचे शिक्षण तेथेच झाले आणि पुढील शिक्षणासाठी ते नागपुरास आले. त्यांच्या शालेय वयात, १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये, मध्य प्रांतावर दोन भीषण दुष्काळ कोसळले. ज्या प्रांतातून गहू आणि कापूस बाहेर जात होता, त्याच प्रांतातील माणसे अन्नावाचून मरत होती. हे पाहत वाढलेल्या मुलाला दोन गोष्टींची ओढ लागली: इंग्रजांचे राज्य उलथावे आणि जमिनीतून अधिक धान्य कसे काढावे हे शिकावे. त्यांच्या चरित्रकारांनी पहिल्या ओढीवर पुष्कळ लिहिले आहे. आम्हांस दुसरी ओढ तितकीच मोलाची वाटते, कारण त्यांच्या आयुष्याला अखेरपर्यंत तिनेच आकार दिला.

लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण विशीत असतानाच जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. पाठीशी ना संस्थान होते, ना सावकार. कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांत त्यांचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले. फीचे पैसे जमले की वर्गात बसायचे आणि संपले की मजुरीवर जायचे, असा तो क्रम होता. पॅसिफिक किनाऱ्यावरील लाकूड कापण्याच्या गिरण्यांत आणि शेतमळ्यांत त्या काळी हजारो पंजाबी मजूर राबत होते. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी गोऱ्यांच्या जमावाने या मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. अशा वातावरणात परदेशी विद्यार्थ्याने दिवसा घाम गाळायचा आणि रात्री वनस्पतिशास्त्राचे पुस्तक उघडायचे, याची आज कल्पना करणेही कठीण आहे.

याच मजुरांच्या सहवासातून खानखोजे यांचे दुसरे शिक्षण झाले. अक्षरओळख नसलेला मजूर राजकारण समजून घेऊ शकतो आणि संघटित होऊ शकतो, हे त्यांनी पाहिले. पुढे गदर पक्ष म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संघटनेच्या आरंभीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. सॅन राफेल येथील एका लष्करी अकादमीतही त्यांनी शिक्षण घेतले. तरीही शेतीचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. पुलमन येथील वॉशिंग्टन स्टेट कॉलेज हे गव्हाच्या टेकड्यांनी वेढलेले ठिकाण आहे. तेथून त्यांनी १९१३ मध्ये पदवी घेतली. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या वर्ध्याच्या मुलाला गव्हाचे शास्त्र अशा मुलुखात शिकायला मिळाले, हा योग आम्हांस विलक्षण वाटतो.

पहिल्या महायुद्धाचा काळ आपण थोडक्यात पाहू. खानखोजे सशस्त्र लढ्यासाठी इराणात गेले, जखमी झाले, इंग्रजांच्या हाती सापडले आणि निसटले. १९२१ मध्ये ते इतर भारतीय क्रांतिकारकांसमवेत मॉस्कोस गेले. मायदेशाची दारे बंद होती. अखेर १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले. विद्यार्थिदशेत अमेरिकेत ओळख झालेले रामोन दे नेग्री हे तेथील शासनात वजनदार गृहस्थ होते. शिकत असताना जोडलेला स्नेह दहा-बारा वर्षांनी असा उपयोगी पडला.

मेक्सिको सिटीजवळील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. स्पॅनिश भाषा त्यांनी आत्मसात केली आणि त्याच भाषेत ते शिकवू व लिहू लागले. तो देश नुकताच एका मोठ्या क्रांतीतून बाहेर पडला होता. बड्या जमीनदारांची जमीन गावकऱ्यांना वाटली जात होती. मात्र जमीन मिळाली म्हणजे पीक येते असे नाही. बियाणे निवडावे कसे, मातीचा कस टिकवावा कसा, हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या कुटुंबांना कोण सांगणार? विद्यालयाच्या भिंतींआड हे ज्ञान होते, पण त्या भिंतींच्या आत शेतकऱ्याला प्रवेश नव्हता.

खानखोजे यांच्या जीवनातील हे प्रकरण आपल्यासारख्या निवासी शाळेच्या परिवाराने अवश्य वाचावे असे आहे. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावी मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. त्यांना फी नव्हती आणि प्रवेशासाठी प्रमाणपत्रही लागत नसे. त्यांपैकी एका शाळेला भूमिहीनांचे नेते एमिलियानो झपाटा यांचे नाव दिले होते. पीक हाच तेथला धडा असे. प्रसिद्ध छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी टिपलेली या शाळांची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. थोर चित्रकार दिएगो रिवेरा हे खानखोजे यांचे स्नेही. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरा यांनी रंगविलेल्या एका चित्रात मेजाभोवती गोरगरीब बसले आहेत आणि एक पुरुष त्यांना भाकर वाटतो आहे. तो पुरुष म्हणजे खानखोजे, असे मानले जाते.

अध्यापनाबरोबर संशोधनही चालू होते. मका हे मेक्सिकोचे मुख्य अन्न. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. एकाच ठिकाणी कणसांचा झुबका धरणाऱ्या मक्यावर १९३६ मध्ये त्यांचा स्पॅनिश ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जीन सिंडिक या बेल्जियन युवतीशी त्यांचा विवाह झाला. गव्हाच्या रोगप्रतिकारक वाणांचाही त्यांनी अभ्यास केला.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण ब्रिटिशांनी काळ्या यादीत घातलेले त्यांचे नाव लगेच पुसले गेले नाही. ज्याने तारुण्य स्वातंत्र्यासाठी वेचले, त्यालाच स्वतंत्र देशात पाऊल ठेवण्यासाठी खटपट करावी लागली. १९४९ मध्ये मध्य प्रांत शासनाच्या निमंत्रणावरून ते कृषी धोरणविषयक समितीच्या कामासाठी नागपुरास आले. कायमचे परतले ते १९५५ मध्ये. सुमारे अर्धशतक परदेशात घालवून सत्तरी ओलांडलेला हा माणूस नागपुरात स्थायिक झाला. पुढच्याच वर्षी याच नगरीत लाखो लोकांनी बाबासाहेबांसमवेत धम्मदीक्षा घेतली. मेक्सिकोने आपल्या या शिक्षकाची आठवण जपली. चापिंगोच्या आवारात २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला.

हरितक्रांतीचे जनक म्हणून खानखोजे यांचे नाव घेण्याचा मोह काहींना होतो. आम्ही तसे म्हणणार नाही. मेक्सिकोत १९४४ पासून चाललेल्या संशोधनातून पुढे बुटक्या गव्हाचे जे वाण घडले, त्यांचे श्रेय नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. मात्र त्या संशोधनाचे एक केंद्र चापिंगोच होते, आणि तेथे खानखोजे यांनी त्यापूर्वीच वीस वर्षे पिके व विद्यार्थी यांची मशागत केली होती.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले. खानखोजे त्या वेळी नागपुरात वार्धक्याचे दिवस काढीत होते. जानेवारी १९६७ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. उत्तरेकडील शेतांत तेव्हा त्या मेक्सिकन बियाण्याचा गहू उभा होता.