डॉक्टर शार्को

पॅरिस शहरात सीन नदीजवळ साल्पेत्रियेर नावाचे एक जुने व विस्तीर्ण रुग्णालय आहे. एके काळी तेथे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्यावरून त्या जागेला हे नाव पडले. पुढे १६५६ साली चौदाव्या लुईच्या आज्ञेने तेथे निराधारांसाठी आश्रयस्थान झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे सुमारे ५,००० स्त्रिया राहत असत. कोणी वृद्ध, कोणी पंगू, कोणी भ्रमिष्ट. त्या बऱ्या होतील अशी आशा फारशी कोणालाच नव्हती. म्हणून तेथे नेमणूक व्हावी असे नामांकित वैद्यांना वाटत नसे. अशा ठिकाणी आपण होऊन परत आलेल्या एका डॉक्टरची ही हकीकत आहे.

झाँ-मार्तँ शार्को याचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याचा बाप घोडागाड्या बांधून विकत असे. चार मुलांपैकी एकालाच उच्च शिक्षण देण्याची त्याची ऐपत होती. तेव्हा अभ्यासात सर्वांत हुशार म्हणून झाँ-मार्तँची निवड झाली, असे सांगतात. मुलगा अबोल होता, पण त्याचा हात चित्रकलेत चांगला चाले. चित्रकार व्हावे की वैद्य, असा त्याला प्रश्न पडला होता. तो वैद्य झाला. परंतु चित्रकाराची दृष्टी त्याने कधी सोडली नाही.

शिकत असताना त्याने साल्पेत्रियेरमध्ये काही काळ काम केले होते. तेथील दुर्लक्षित रुग्ण पाहून, येथे पुन्हा यायचेच, असा त्याने निश्चय केला. १८६२ साली तो मुख्य वैद्य म्हणून तेथे आला. व्हुल्पियाँ नावाच्या सहकाऱ्यासह तो खोलीमागून खोली हिंडला आणि रुग्णांची टिपणे त्याने तयार केली. एकच रुग्ण तो पुन्हा पुन्हा पाही, आणि न कळलेली गोष्ट कळेपर्यंत पाहतच राही.

त्याच्या घरी एक मोलकरीण होती. तिचे हात थरथरत, त्यामुळे तिला कोठे काम मिळत नसे. शार्कोने तिला ठेवून घेतले. तिच्या हातून बशा व पेले फुटत राहिले, आणि त्यापायी बराच पैसा खर्च झाला. तरी त्याने तिला काढले नाही. त्यात दया होती, तशी जिज्ञासाही होती. तिचे हात स्वस्थ असले की स्थिर राहत. वस्तू उचलावयास गेले की थरथरू लागत. कंपवाताच्या रुग्णाचे याच्या नेमके उलट असते. हा भेद विद्यार्थ्यांना दिसावा म्हणून शार्को रुग्णांच्या डोक्यावर लांब पिसांच्या टोप्या घाली. पिसे हलली की मागच्या बाकावरच्यालाही ते कळे.

पुढे ती मोलकरीण वारली. तिचा मेंदू व मज्जारज्जू तपासताना ठिकठिकाणी कठीण झालेले चट्टे आढळले. असे चट्टे इतरांनी पूर्वी पाहिले होते. मात्र ते आणि रुग्णाची लक्षणे यांची जोड शार्कोने घालून दिली. १८६८ साली त्याने या रोगाचे सविस्तर वर्णन केले. आज त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. स्क्लेरोसिस म्हणजे काठिण्य.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याला आणखी काही दिसले. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायेलिनचे आवरण असते. चट्ट्यांमध्ये हे आवरण नाहीसे झाले होते. आतील तंतू मात्र पुष्कळसे शिल्लक होते. रक्तवाहिन्यांभोवती चरबीचे गोलक साचले होते. त्याने तेही चित्रात काढून ठेवले. आसपासचे ऊतक वाढून तंतूंना दाबते, असा त्याचा तर्क होता. तो पुढे टिकला नाही, चित्रे टिकली.

औषधांच्या बाबतीत तो निरुपाय होता. सोने, चांदी, जस्त यांचे क्षार आणि काजऱ्याच्या बियांतील विषही त्याने देऊन पाहिले. कशाचाच गुण येत नाही, हे त्याने लपवले नाही. उत्तरायुष्यात उन्मादावरील व्याख्यानांनी त्याची कीर्ती युरोपभर झाली; पण त्यांतील पुष्कळ निष्कर्ष नंतर मागे पडले. १६ ऑगस्ट १८९३ रोजी, प्रवासात असताना, त्याचे निधन झाले.

त्या चरबीच्या गोलकांचा अर्थ विसाव्या शतकात उलगडला. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. या रोगात त्या वाट चुकलेल्या पहारेकऱ्यांप्रमाणे आपल्याच मायेलिनवर तुटून पडतात, आणि त्याचे तुकडे गिळून काही पेशी चरबीने भरून जातात. तेव्हा औषध द्यायचे ते या पहारेकऱ्यांना आवरण्यासाठी, हे ध्यानात आले. पेशींचा क्षोभ शमवणारे इंटरफेरॉन हे औषध या रोगावर अमेरिकेत १९९३ साली मान्य झाले. शार्कोच्या मृत्यूला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. २००४ साली मान्य झालेले नॅटॅलिझुमॅब पेशींना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही. पण पहारा इतका ढिला झाला की काही रुग्णांना मेंदूचा घातक संसर्ग झाला. औषध २००५ साली मागे घ्यावे लागले, आणि २००६ साली कडक देखरेखीखाली परत आले. २०१० साली आलेली फिंगोलिमॉडची गोळी पेशींना लसिकाग्रंथींतच अडवून ठेवते.

अशा औषधांनी रोगाचे झटके कमी होतात. झिजून गेलेले आवरण पुन्हा पूर्ववत करील असे खात्रीचे औषध मात्र अजून मिळालेले नाही.