केसरबाईंची जपलेली दौलत

२०२४ च्या जानेवारीत लोकल गाडी उरणपर्यंत आली आणि येथून बेलापूर, नेरूळकडे कामास जाणाऱ्या माणसाला रोज गाणे ऐकण्याइतका निवांत वेळ मिळू लागला. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक. एका संध्याकाळी खारकोपर मागे पडले असता, मोबाइलवरील स्ट्रीमिंग सेवेने एका नाट्यपदानंतर, कोणी मागणी केलेली नसताना, केसरबाई केरकरांची ललिता गौरी लावली. आमच्या घरी वडील ही तबकडी कॅसेटवर ऐकत असत. त्या कॅसेटची फीत एकदा यंत्रात गुंतली ती गुंतलीच, आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे तो स्वर कानांवर पडला नव्हता. तीन मिनिटांत गाणे संपले व सेवेने पुढचे काहीतरी लावले. जी गायिका आपले गाणे कोठे, कोणापुढे व किती गावयाचे हे आयुष्यभर स्वतः ठरवीत आली, तिच्या गाण्याची ही व्यवस्था तिला रुचली असती काय, हा प्रश्न मात्र गाडीतून उतरल्यावरही सुटला नाही.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यात, फोंडे महालातील केरी या गावी, कलावंत समाजात झाला. पोर्तुगीज अमलाखालील त्या काळात या समाजातील मुलीला जमीनजुमला नव्हता, शिक्षण नव्हते व प्रतिष्ठाही नव्हती. असलाच तर गळा होता. आठव्या वर्षी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने तालीम, पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझ्यांकडे थोडे शिक्षण, सोळाव्या वर्षी मुंबईस प्रयाण, तेथे सतारिये बरकतुल्ला खाँ व भास्करबुवा बखले यांचे अधूनमधून मार्गदर्शन, असा हा तुटक प्रवास आहे. गुरू येत, काही महिन्यांनी आपल्या वाटेने निघून जात आणि शिष्येचे शिक्षण अर्धवट राही. १९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँसाहेब यांनी त्यांना गंडा बांधला तेव्हा केसरबाई एकोणतीस वर्षांच्या होत्या. नव्याने आरंभ करण्याचे ते वय नव्हे. खाँसाहेबांनी दक्षिणा, दरमहाचे वेतन व तालमीचा दीर्घ काळ यांबाबत कडक अटी घातल्या होत्या असे सांगतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो भांडवल गुंतवणुकीचा करारच वाटावा. अकरा वर्षांच्या अखंड मेहनतीत त्यांनी आपला आवाज जणू मोडून पुन्हा घडविला. व्यावसायिक मैफली १९३० च्या सुमारास सुरू झाल्या, तरी १९४६ मध्ये खाँसाहेब निवर्तेपर्यंत शिकणे थांबले नाही.

त्यानंतरची कीर्ती सर्वश्रुत आहे. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गाण्याचे चाहते होते. कलकत्त्याच्या रसिकांच्या संस्थेने १९४८ मध्ये त्यांना सुरश्री ही पदवी दिली, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९६९ मध्ये पद्मभूषण व महाराष्ट्राच्या राज्य गायिकेचा मान असे दोन्ही सन्मान लाभले. परंतु याच काळात त्यांच्या फटकळपणाच्या व हट्टीपणाच्या कथाही पसरल्या. बिदागीत तडजोड नाही, मैफलीत ध्वनिमुद्रण करू देणे नाही, विद्यादान जवळजवळ नाहीच. शिष्या म्हणून नाव घ्यावे ते धोंडूताई कुलकर्णी यांचे. आवाज शाबूत असतानाच साठच्या दशकात त्यांनी जाहीर गाणे थांबविले. एखाद्या बुवांनी किंवा खाँसाहेबांनी असेच केले असते तर त्याला बाणेदारपणा म्हटले गेले असते, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

त्या हट्टामागे स्वभाव असेलच. तथापि त्यामागे एक चोख हिशेबही होता असे माझे मत आहे. घर, शेत वा दागिना चोरीस गेला तर फिर्याद करता येते. गाणे नुसते ऐकूनच चोरले जाते, आणि चोर मैफलीत पुढच्या रांगेत बसून दादही देत असतो. वीसएक वर्षे गुरूंच्या मागे फिरून, अखेर मोठे मोल देऊन जी विद्या मिळविली, ती टेपरेकॉर्डरच्या एका बटणासरशी सर्वांची व्हावी, हे त्यांना मान्य नव्हते. ज्या स्त्रीपाशी दुसरी कोणतीही मालमत्ता नव्हती, तिने तेवढ्या एका मालमत्तेभोवती कुंपण घातले तर तिला कंजूष ठरविणे अन्यायाचे होईल.

या कुंपणातून त्यांनी स्वखुशीने बाहेर जाऊ दिल्या त्या ७८ फेऱ्यांच्या मोजक्या तबकड्या. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तासभर चालणाऱ्या विलंबित ख्यालाची ती केवळ चुणूक होय. पण अशाच एका भैरवीला विलक्षण भाग्य लाभले. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर मानवजातीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठविण्याचे ठरविले, तेव्हा संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ही भैरवी सुचविली. तबकडी तर बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात एका खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबर १९७७ रोजी उड्डाण केले आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाई गेल्या. आज ते यान सूर्यमालेच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहे.

पृथ्वीवर मात्र त्या गाण्याचा हिशेब वेगळ्याच रीतीने मांडला जात आहे. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे तीस-चाळीसच्या दशकांतील त्या तबकड्या आता कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या सार्वजनिक आहेत. पण सार्वजनिक वस्तू सांभाळण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थेने उचलली नाही की ती आपोआप बाजाराच्या स्वाधीन होते. एका प्रमुख सेवेत तीस सेकंद ऐकले की गाणे एकदा वाजले असे धरतात. केसरबाईंचा षड्ज नीट लागून मन स्थिर होण्यास तेवढा वेळ लागतो! शिवाय तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, मुद्रण कोणत्या वर्षीचे, याचा पत्ता अशा सेवांवर क्वचितच लागतो. रागाचे नावही बरोबर असेलच असे नाही.

याहून अवघड प्रश्न आहे तो मैफलींच्या खाजगी ध्वनिफितींचा. केसरबाईंच्या इच्छेविरुद्ध वा नकळत झालेली मुद्रणे आज इंटरनेटवर कोणीही ऐकू शकतो. मीही ऐकली आहेत, हे कबूल केले पाहिजे. त्यांतील विस्तार ऐकल्यावाचून तबकडीवरील तीन मिनिटांचा अर्थ उलगडत नाही, म्हणून त्या नष्ट कराव्यात असे मी म्हणणार नाही. मात्र दोन जाहिरातींच्या मध्ये त्या वाजाव्यात, हे मला पटत नाही. त्यांचे स्थान संग्रहालयात असावे. जिज्ञासूने तेथे जावे, नाव नोंदवावे व ऐकावे.

ज्या राज्याने १९६९ मध्ये केसरबाईंना राज्य गायिका म्हटले, त्याने आकाशवाणी व गोव्याची कला अकादमी यांच्या सहकार्याने हक्कमुक्त तबकड्यांची राग, वर्ष व साथीदारांसह अधिकृत सूची करावी, मूळ तबकड्यांवरून शुद्ध प्रती काढाव्यात आणि त्या विनामूल्य खुल्या कराव्यात. जुन्या तबकड्या जपणारे संग्राहक आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्या पश्चात ती खोकी रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी हे काम सुरू व्हावयास हवे.