समुद्राच्या तळाशी कॅमेरा नेणारे लुई बुताँ

हल्ली आपल्या बेटावर पाण्यात चालणारे छोटे कॅमेरे अनेक घरांत दिसतात. सुट्टीच्या दिवशी मुले लगूनमध्ये डुबकी मारतात, माशांचे फोटो काढतात, आणि घरी येऊन पाहतात तो सगळे निळसर व धुरकट! मासा कोठे आहे हे बोट ठेवून दाखवावे लागते. दोष मात्र बिचाऱ्या कॅमेऱ्याला मिळतो. याच अडचणींशी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झगडलेल्या एका फ्रेंच प्राध्यापकाचे चरित्र अशा मुलांना जरूर सांगावे.

लुई बुताँ यांचा जन्म १८५९ साली व्हर्साय येथे झाला. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. शंखशिंपल्यांतील जीव हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १८८६ च्या सुमारास ते पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरू लागले. डोक्यावर जड धातूचे शिरस्त्राण, पायांत शिशाचे बूट, आणि श्वासासाठी वरच्या होडीतून नळीने येणारी हवा, असा तो काळ होता. स्पेनच्या सरहद्दीजवळ बान्यूल येथे समुद्रजीवांची एक प्रयोगशाळा होती. तेथे खाली जाऊन पाहिलेली सृष्टी वर राहिलेल्यांना शब्दांनी कशी दाखवावी? तिचे छायाचित्रच घेतले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्यापूर्वी, १८५६ साली, विल्यम थॉम्प्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने वेमथच्या उपसागरात होडीतून दोराने कॅमेरा खाली सोडला होता. पेटीत पाणी शिरले आणि चित्र अंधूक आले. बुताँ कॅमेऱ्याबरोबर स्वतः खाली गेले, हा मोठाच फरक.

१८९३ साली त्यांचे इंजिनियर बंधू ऑग्युस्त यांनी कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी तांब्याची पेटी आखून दिली. तिला हवेने भरलेला रबरी फुगा जोडला होता. खोल जाताना पाण्याच्या दाबाने फुगा दबे, त्यातील हवा पेटीत जाई, आणि आतबाहेरचा दाब सारखा राही. युक्ती साधी, पण किती हुशारीची!

पेटी टिकली, तरी प्रकाशाचे काय? पाणी प्रकाश गिळून टाकते, आणि सर्वांत आधी तांबडा रंग गिळते. म्हणूनच काही मीटर खाली तांबडा मासा काळपट दिसतो व सारे चित्र निळे होते. बुताँ यांना एकेका चित्रासाठी कधी कधी अर्धा तास काच उघडी ठेवावी लागे. अर्धा तास एका जागी कोणता मासा थांबेल?

तेव्हा प्रकाशच खाली न्यायचे ठरले. शोफूर नावाच्या विद्युत अभियंत्याने प्राणवायू भरलेल्या काचेच्या भांड्यात मॅग्नेशियमची तार पेटवून पाहिली. ती नीट जळेना, आणि भांडे फुटण्याची भीती असे. मग दोनशे लिटरच्या पिंपावर स्पिरिटचा दिवा बसवून त्याच्या ज्योतीवर रबरी फुग्याने मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची सोय केली. ते अवजड धूड समुद्राच्या तळाशी नेऊन उभे करणे म्हणजे केवढा खटाटोप!

आज हाच दिवा नखाएवढा होऊन कॅमेऱ्यातच बसला आहे. पण तो भिंगाला अगदी चिकटून असल्यामुळे पाण्यातील वाळूचे कण आधी उजळतात, आणि चित्रावर पीठ उधळल्यासारखे ठिपके येतात. लगूनच्या उथळ पाण्यात ऊन चांगले असेल तर फ्लॅश बंदच ठेवावा. सूर्य पाठीशी घ्यावा. पायांनी वाळू ढवळू नये, आणि प्रवाळावर तर मुळीच उभे राहू नये. मुख्य म्हणजे माशापासून हातभर अंतरावर हळूहळू जावे, कारण मध्ये पाणी जितके कमी, तितके चित्र स्वच्छ. दुरून झूम केल्याने मधले पाणी काही कमी होत नाही. आमची मुले नेमके तेच करतात!

१८९९ साली बुताँ यांनी विजेचे प्रखर दिवे वापरले आणि वरूनच विजेने चालवता येणारा कॅमेरा ५० मीटर खोल सोडून चित्रे घेतली. त्याच वर्षी दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेवरून परतलेले रुमानियाचे शास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा यांचे पाणबुड्याच्या वेषातील छायाचित्र त्यांनी पाण्याखाली काढले. ते आजही प्रसिद्ध आहे. १९०० साली या सर्व प्रयोगांवर त्यांचा ग्रंथ निघाला.

पुढे ते इंडोचायनात गेले, नंतर बोर्दो येथे प्राध्यापक झाले, आणि मोत्यांच्या अभ्यासात रमले. जपानी लोक शिंपल्यात मुद्दाम वाढवीत ते मोती खरे की खोटे, असा वाद पॅरिसच्या जवाहिऱ्यांत पेटला, तेव्हा ते खरेच मोती होत असा निर्वाळा त्यांनी दिला. १९२५ साली मोत्यावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३४ साली त्यांचे निधन झाले. बान्यूलची ती प्रयोगशाळा आजही चालू आहे.