कोणत्या काळचा धर्म खरा? : भारतरत्न पां. वा. काणे

दापोलीहून समुद्राकडे उतरलं की लाडघरच्या पुढे बुरोंडी लागतं. खाली किनाऱ्यावर होड्या, जाळी, मासळी, आणि वर टेकडीवर पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा. कोकणची भूमी परशुरामाने समुद्र हटवून मिळवली अशी कथा आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. या गावात एका घरात मासळीशिवाय घास उतरत नाही आणि दुसऱ्या घरात मासळीचा वाससुद्धा चालत नाही. दोघेही देवाला मानतात, दोघेही आपापल्या परीने धर्म पाळतात. मग मित्रांनो, बरोबर कोण?

आपल्या मेसमध्येही हा वाद दर रविवारी रंगतो. शेवटी कोणीतरी म्हणतं, "जाऊ दे रे, ज्याचं त्याचं बरोबर!" तत्त्वज्ञानात याला नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. म्हणजे चांगलं-वाईट हे समाजावर आणि काळावर अवलंबून, सगळ्यांना लागू पडणारं असं काही नाहीच. ऐकायला फार सोयीचं आहे. पण ज्याला कापायचं आहे त्या बोकडाचं काय? त्याला तर कोणी विचारतच नाही.

या प्रश्नाचा पुरावा गोळा करण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं ते गृहस्थ आपल्या याच भागातले होते. महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे. ७ मे १८८० रोजी चिपळूणजवळच्या परशुराम गावी, आजोळी त्यांचा जन्म झाला. वडील दापोलीला वकिली करत, त्यामुळे शिक्षण दापोलीच्या मिशन हायस्कूलमध्ये झालं. पुढे मुंबईचं विल्सन कॉलेज, तेही मिशनऱ्यांचंच. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना हे वाचून जरा बरं वाटतं! धर्मशास्त्राचा एवढा मोठा पंडित ख्रिस्ती शाळा-कॉलेजात शिकला आणि त्याचं काहीही बिघडलं नाही.

संस्कृतात बक्षिसं मिळवत त्यांनी बी.ए., एम.ए. केलं आणि कायद्याच्या पदव्याही घेतल्या. काही वर्षं रत्नागिरीच्या हायस्कूलमध्ये शिक्षकी केली. १९११ पासून मुंबई हायकोर्टात वकिली, मग लॉ कॉलेजमध्ये प्राध्यापकी. पोटाचं दुखणं तरुणपणापासून मागे लागलेलं. तरी काम थांबलं नाही.

आणि काम तरी केवढं! 'व्यवहारमयूख' या जुन्या कायदेग्रंथाची आवृत्ती ते तयार करत होते. तिला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास लिहावा असं त्यांच्या मनात आलं. ती प्रस्तावना काही प्रस्तावनेत मावेना. पहिला खंड १९३० मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढला आणि शेवटचा भाग १९६२ मध्ये बाहेर पडला, तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. पाच खंड आणि साडेसहा हजारांच्या आसपास पानं, सगळी इंग्रजीत. आपल्याला एक सबमिशन वेळेत होत नाही, आणि इथे एक माणूस बत्तीस वर्षं एकच ग्रंथ छापत होता!

या ग्रंथात त्यांनी विवाह, श्राद्ध, व्रतं, प्रायश्चित्त, राजधर्म असं सगळं तपासलं. भोजनाच्या प्रकरणात मांसाहाराचा विषय आला आणि तिथे काण्यांमधला वकील जागा झाला. त्यांनी दोन्ही बाजूंचे पुरावे टेबलावर मांडले. वेदकाळात यज्ञात पशू मारले जात. मोठ्या पाहुण्याला मधुपर्क देताना गाय किंवा बैल मारण्याची चाल होती, इतकी की पाणिनीच्या व्याकरणात पाहुण्यासाठी 'गोघ्न' असा शब्द आहे. हे त्यांनी लपवलं नाही. पण त्याच वेदात गाईला 'अघ्न्या', म्हणजे मारू नये अशी, म्हटलेलं आहे हेही त्यांनी लपवलं नाही. मनुस्मृतीच्या एकाच अध्यायात मांसाला परवानगी आणि मांसाची निंदा शेजारी शेजारी बसलेली आहे, हेसुद्धा त्यांनी दाखवलं.

पुढे 'कलिवर्ज्य' नावाचं प्रकरण येतं. पूर्वी शास्त्राला मान्य असलेल्या पण कलियुगात करू नयेत अशा गोष्टींची ही यादी. काण्यांनी अशा पन्नासहून अधिक गोष्टी एकत्र केल्या. मधुपर्कातला पशुवध त्यातलाच एक. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळात धाडसाचा होता. धर्म कधीच बदलत नाही असं म्हणणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की आपल्या शास्त्रकारांनीच तो बदललेला आहे, आणि हा घ्या पुरावा!

आता गंमत अशी, की आजकाल काण्यांचं एक पान एक बाजू उचलते आणि दुसरं पान दुसरी बाजू. एक म्हणते, पूर्वी खात होते, म्हणजे खायला हरकत नाही. दुसरी म्हणते, शास्त्रात मनाई आहे, विषय संपला. काण्यांनी यापैकी एकही सोपी वाट धरली नाही. बदल झाला एवढंच सांगून ते थांबले नाहीत, तो का झाला हेही त्यांनी शोधलं. सर्व प्राण्यांत एकच आत्मा आहे हा उपनिषदांचा विचार, पुनर्जन्माची कल्पना, अहिंसेचा वाढता प्रभाव, अशी कारणं त्यांनी दिली.

मला वाटतं, खरी चावी इथेच आहे. फॅशन बदलते तेव्हा तिला कारण लागत नाही. विचार बदलतो तेव्हा लागतं. मनुस्मृती म्हणते की यज्ञातला वध हा वध नव्हेच. आता ज्या गोष्टीत काहीच वावगं नाही तिच्यासाठी अशी पळवाट कोण काढेल? म्हणजे पशू मारणाऱ्या काळातही त्याचं दुःख माणसाला टोचत होतं. नियम वेगवेगळे होते, पण टोचणी तीच होती. अप्लाइड मेकॅनिक्समध्ये आपण शिकतो की फ्रेम बदलली की वेग बदललेला दिसतो, पण म्हणून गतीचे नियम खोटे ठरत नाहीत. तसंच काहीसं हे आहे. समाजाची फ्रेम कुठलीही घ्या, प्राण्याला होणारी वेदना त्यात असतेच.

हा विषय पुस्तकातच राहिला असंही नाही. काणे १९५३ ते १९५९ या काळात राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. त्याच सभागृहात त्या सुमारास रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडलं होतं आणि पुढे १९६० मध्ये तसा कायदा झाला. बैलगाडा शर्यतींचंच बघा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. या सगळ्यात 'परंपरा' हा शब्द किती वेळा आला असेल! काणे वाचलेला माणूस मात्र लगेच विचारेल, परंपरा कोणत्या शतकातली? आणि आज ती चालू ठेवायला कारण काय?

मानसन्मान त्यांच्याकडे आपणहून चालत आले. १९४२ मध्ये महामहोपाध्याय, १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, १९५६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार, १९५९ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापक आणि १९६३ मध्ये भारतरत्न. दापोली तालुक्याला दोन भारतरत्नांचा अभिमान आहे, एक मुरुडचे महर्षी कर्वे आणि दुसरे काणे. १९७२ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षाच्या आसपास त्यांचं निधन झालं.

काण्यांनी कुणाच्या ताटातलं काही काढून घेतलं नाही आणि कुणाच्या ताटात काही वाढलंही नाही. पण "आमच्यात असंच असतं" हे उत्तर त्यांनी कायमचं अवघड करून ठेवलं. तुमच्यात पूर्वी असं नव्हतं आणि पुढेही असंच असेल असं नाही, मग आज जे करता ते का करता, एवढं तरी सांगा. बुरोंडीच्या मासे खाणाऱ्यालाही हा प्रश्न आहे आणि न खाणाऱ्यालाही. "ज्याचं त्याचं बरोबर" म्हणून वाद मिटतो खरा, पण उत्तर द्यायचं राहूनच जातं. पुढच्या रविवारी वाद रंगला तर तो मिटवायची घाई करू नका. कारणं मागा, आणि आपलीही द्या.