गोळीचा वेग पहिल्यांदा नेमका मोजला तो बेंजामिन रॉबिन्सने, आणि त्याचा शेवट झाला मराठ्यांनी विकलेल्या किल्ल्यात

बंदुकीच्या नळीतून गोळी सुटते तेव्हा तिचा वेग किती असतो?

1740 पर्यंत या प्रश्नाचं नेमकं उत्तर जगात कुणाकडेच नव्हतं. बंदुका-तोफा येऊन काही शतकं उलटली होती, त्यांच्या जोरावर राज्यं उभी राहिली होती आणि बुडालीही होती. पण नळी किती लांब ठेवायची, दारू किती ठासायची, हे सगळं ठरायचं उस्तादाच्या शब्दावर. कुणी म्हणायचं नळी जितकी लांब तितका मार जास्त. कुणी म्हणायचं दारू वाढवा. मोजून कुणीच बघितलं नव्हतं, कारण डोळ्याला न दिसणारी गोष्ट मोजायची तरी कशी?

हे कोडं सोडवलं ते अशा घरातल्या मुलाने, जिथे शस्त्र हातात धरणंच पाप मानलं जायचं.

बेंजामिन रॉबिन्सचा जन्म 1707 चा, इंग्लंडमधल्या बाथ शहरातला. घरची परिस्थिती बेताची, वडील शिंपी. कुटुंब क्वेकर पंथाचं. हा ख्रिस्ती पंथ युद्धाला पूर्ण विरोध करणारा. पोराचं डोकं मात्र गणितात असं चालायचं की ओळखीच्या लोकांनी त्याचं काम लंडनला हेन्री पेंबर्टनकडे पोचवलं. हा पेंबर्टन म्हणजे न्यूटनच्या प्रिन्सिपिया ग्रंथाची तिसरी आवृत्ती संपादित करणारा माणूस. रॉबिन्स लंडनला आला, शिकवण्या घेऊन पोट भरायला लागला आणि 1727 मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. घरचा पंथ तोवर मागे पडला होता.

न्यूटनच्या गणितावर कुणी टीका केली की रॉबिन्स त्याच्यावर तुटून पडायचा. बिशप बर्कलेलाही त्याने 1735 मध्ये पुस्तक लिहून उत्तर दिलं. हाच स्वभाव पुढे नडला.

1741 मध्ये वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी लष्करी अकादमी सुरू झाली. तिथली शिक्षकाची जागा आपल्याला मिळेल अशी रॉबिन्सला आशा होती, त्यासाठी त्याने व्याख्यानांची तयारीही केली. पण तो पंतप्रधान वॉलपोलच्या विरोधात पत्रकं लिहीत होता. जागा दुसऱ्याला गेली. मग तयार केलेला मजकूर त्याने 1742 मध्ये पुस्तक म्हणून छापून टाकला. नाव, न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी. बंदूक आणि तोफेच्या शास्त्राची खरी सुरुवात इथून होते, असं म्हणायला हरकत नाही.

आता तो प्रयोग बघा, कारण तो इतका साधा आहे की आधी कुणाला सुचला कसा नाही याचंच नवल वाटतं.

रॉबिन्सने एका तिकाटण्याला सुमारे 56 पौंडांचा, म्हणजे साधारण 25 किलोचा लोखंडी लंबक टांगला. समोरच्या बाजूला जाड लाकडी फळी. त्या फळीत गोळी मारायची. गोळी शिशाची, पाऊण इंच व्यासाची, जेमतेम 38 ग्रॅमची. ती फळीत रुतून बसते आणि आपला सगळा जोर लंबकाला देते. लंबक गोळीपेक्षा शेकडो पट जड, त्यामुळे तो तितक्याच पटीने सावकाश झुलतो. डोळ्याला न दिसणारा वेग आता आरामात मोजता येतो. लंबकाला एक फीत बांधलेली असायची. झोका जितका मोठा, तितकी फीत बाहेर ओढली जायची. फितीची लांबी मोजा, न्यूटनच्या नियमाने हिशोब करा, झालं काम.

उत्तर आलं सेकंदाला 1,600 फुटांहून जास्त. म्हणजे गोळी आवाजापेक्षा वेगाने जात होती.

नळीच्या लांबीचा घोळ त्याने गणिताने सोडवला. दारू पेटली की तिचा तापलेला वायू होतो आणि त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट असतो, असा त्याचा अंदाज होता. गोळी पुढे सरकते तशी मागची जागा वाढते, आणि जागा वाढली की दाब उतरतो. म्हणजे गोळीला सगळ्यात मोठा धक्का सुरुवातीच्या काही इंचांतच बसतो, पुढचा प्रत्येक इंच आधीच्या इंचापेक्षा कमी देतो.

त्याच्या नियमात आकडे घालून बघा. नळी 45 इंचांची आणि दारूने व्यापलेली जागा अडीच इंच. ही नळी कापून निम्मी केली तर वेग निम्मा होईल असं वाटतं ना? तो घटतो फक्त 13 टक्क्यांच्या आसपास. आणि दुप्पट केली, म्हणजे तब्बल साडेसात फुटांची नळी खांद्यावर घेतली, तर वाढतो 11 टक्के. प्रत्यक्षात तेवढाही नाही, कारण गोळी नळीला घासत जाते आणि ते घर्षण रॉबिन्सने हिशोबात धरलं नव्हतं. वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या आणि कमी-जास्त दारू घेऊन त्याने हे लंबकावर ताडून पाहिलं.

गोळी हलायच्या आत सगळी दारू जळून जाते, हे त्याचं गृहीतक आज चालत नाही. आधुनिक रायफलची बिनधुराची दारू सावकाश जळते, गोळी नळीतून पुढे जात असतानाही ती जळतच असते. नळी आखूड असली तर जोर वाया जातो आणि तोंडाशी मोठा जाळ दिसतो. म्हणून रायफलची काडतुसं घरी भरणारे नेमबाज दारू काट्यावर तोलून भरतात आणि भरलेल्या काडतुसाचा वेग स्वतःच्याच रायफलमध्ये मोजून बघतात. दारूच्या मापाच्या पुस्तकात चाचणीची नळी किती इंचांची होती हे मुद्दाम छापलेलं असतं. साधारण हिशोब असा, की एक इंच नळी कमी झाली की सेकंदाला 20 ते 50 फूट वेग जातो. मोजण्याचं यंत्र आता इलेक्ट्रॉनिक झालंय, एवढंच.

रॉबिन्सचा पुढचा शोध तर तोफखान्यांना हादरवणारा होता. गॅलिलिओच्या गणितात हवेचा अडथळा धरलेलाच नव्हता. त्या हिशोबाने सेकंदाला 1,700 फुटांनी सुटलेली गोळी 17 मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नव्हती! हवा गोळीला तिच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त जोराने अडवते आणि आवाजाच्या वेगाजवळ हा अडथळा एकदम वाढतो, हे रॉबिन्सने दाखवलं. फिरत जाणारी गोळी हवेत वळते, हेही त्याने नळीचं टोक वाकवून सिद्ध केलं. या परिणामाला नाव मात्र मिळालं मॅग्नसचं, ज्याचे प्रयोग शंभर वर्षांनंतरचे. 1746 मध्ये रॉयल सोसायटीने रॉबिन्सला कोपली पदक दिलं. आतून आटे पाडलेल्या नळीच्या बंदुका जे राष्ट्र आधी आपल्या फौजेला देईल ते बाकीच्यांना भारी पडेल, असं भाकीतही त्याने 1747 मध्ये करून ठेवलं. तिकडे लक्ष द्यायला युरोपच्या फौजांना पुढचं शतक उजाडलं.

पुस्तकाची किंमत घरच्यांपेक्षा बाहेरच्यांना आधी कळली. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने 1745 मध्ये ते जर्मनमध्ये आणलं आणि मूळ पुस्तकाहून कितीतरी मोठी टीका जोडली. पुढे फ्रान्समध्ये ओसोनच्या तोफखाना शाळेत एका तरुण अधिकाऱ्याने त्यावर टिपणं काढली. त्याचं नाव नेपोलियन बोनापार्ट.

1749 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्सला आपला मुख्य अभियंता नेमलं. फ्रेंचांनी मद्रास एकदा जिंकून दाखवलं होतं, आता किल्ले मजबूत करायचे होते. 1750 च्या जुलैमध्ये तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला उतरला.

हा किल्ला कंपनीला मिळाला होता तो मराठ्यांकडून. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत असताना 1690 मध्ये हा व्यवहार झाला. सोबत जमीन किती द्यायची, तर किल्ल्यातून तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथवरची. इंग्रजांनी चहूबाजूंना तोफ डागली आणि हद्दीत आलेल्या गावांना पुढे तोफगोळ्याची गावं असंच नाव पडलं. गोळा किती लांब जातो हे गणिताने सांगू पाहणारा माणूस नेमका याच जागी राहायला आला होता.

त्याला एकच वर्ष मिळालं. मद्रास आणि सेंट डेव्हिडच्या तटबंदीचे आराखडे त्याने काढले, पण उष्ण हवा सोसली नाही. तापाने पोखरलं आणि 29 जुलै 1751 ला, वयाच्या 44 व्या वर्षी, तो तिथेच गेला. लग्न केलेलं नव्हतं. त्याचे लेख 1761 मध्ये जेम्स विल्सनने दोन खंडांत छापले.

फोर्ट सेंट डेव्हिड 1758 मध्ये फ्रेंच सेनापती लालीने जिंकला आणि तट पाडून टाकले.