रविवर्मा, घाटकोपर आणि काळ्या रंगाची खोली
लख्ख ऊन आणि गडद सावली एकाच फोटोत पकडणे आजच्या मोबाइलला जमते. साध्या पडद्याचा आवाका मात्र तेवढा नसतो. मग उजेड-अंधारातले अंतर आवळून घ्यावे लागते. असाच पेच १८९४ मध्ये घाटकोपरला राजा रविवर्मा यांच्यापुढे होता.

केरळातील किळिमानूरला १८४८ साली जन्मलेल्या या चित्रकाराने आपली देवादिकांची चित्रे घरोघरी पोचावीत म्हणून धाकट्या भावासह इथे शिळाछापखाना काढला. तैलचित्रावरच्या वार्निशामुळे काळा रंग खोल दिसतो. साध्या कागदावर प्रकाश विखुरतो आणि तोच काळा करडा वाटू लागतो. शिवाय प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. जर्मन तंत्रज्ञ हाताशी होते. दगडावरचे ठिपके दाट तिथे सावली, विरळ तिथे उजेड. शकुंतलेच्या जन्माचे पहिले चित्र त्याच वर्षी १२ जुलैला निघाले. मूळ चित्राची सगळी खोली त्यात उतरणे शक्यच नव्हते. चेहरे नीट ओळखू येणे जास्त मोलाचे, आणि ते साधले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, पण तोटा हटेना. शेवटी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. मधुमेहाने ग्रासलेले रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी गेले. मळवलीत त्यांची चित्रे त्यानंतरही छापली जात होती.